गोळ्यांचे वाटे

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका वाडीत मटण तोलून वाटत नाहीत. चार-पाच घरं मिळून बोकड घेतात आणि बाबाजी मळेकर वाटे घालतात. सागाच्या पानांवर मांडलेल्या प्रत्येक ढिगात कलेजीचा तुकडा असतो, नळी असते, आणि हाडंही असतात. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. बाबाजी एका ढिगावर बोट ठेवून विचारतात, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस सुचेल ते नाव घेतो. वाटे घालणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, त्यामुळे भांडण नाही. तीस वर्षांत बाबाजींच्या वाट्यांवर एकदाच तक्रार झाली, आणि ती करणारा त्यांचा मेहुणा होता.

बासष्टाव्या वर्षी बाबाजींची मूत्रपिंडं कुरकुरू लागली. डॉक्टरांनी मटण बंद केलं, मीठ कमी केलं, आणि ज्याच्या शेतातले वाल पेणच्या बाजारापर्यंत जात त्या माणसाला वालही मोजून खायला सांगितले. बाबाजींनी सगळं ऐकलं. वाटे मात्र ते घालत राहिले. स्वतःचा ढीग शेजाऱ्याला देऊन टाकत. त्यांना भीती एकच होती, मशीनची. थोरले भाऊ हैबतराव मुंबईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात. बाबाजी एकदा सोबत गेले आणि नळीतून बाहेर जाणारं रक्त पाहून खुर्चीतच आडवे झाले. नंतर ते म्हणाले, "माझं रक्त मला खाटेवर टाकून फिराया जाणार, हे मला चालायचं नाय."

मी तेव्हा पेणच्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होतो. २००९ साली तिथे डॉक्टर फरझाना सरखोत यांनी संशोधन सुरू केलं. ब जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या, तर मूत्रपिंडाचा आजार हळू वाढतो का, हे त्यांना पाहायचं होतं. साठ रुग्ण, त्यांत बाबाजीही, आणि दोन वर्षं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, याची यादी मुंबईत मोहोरबंद होती. बाटलीवर फक्त क्रमांक. बाटलीत चाळीस गोळ्या, रोज एक घ्यायची, महिन्याने बाटली परत आणायची. उरलेल्या गोळ्या मोजून नोंदवहीत लिहिणं माझं काम. शिवाय दर महिन्याला डॉक्टर बाई स्वतः तपासणार. बाबाजींनी मनात ठरवून टाकलं की बाईंची नजर आहे तोवर मशीन लांब राहील. नाव काढलं गेलं, की मशीन आलंच.

गोळ्या कुणाला कोणत्या ते मलाही ठाऊक नाही, असं बाईंनी सांगितलं तेव्हा बाबाजी खूश झाले. त्यांनी पाठ करून नाव घेण्याची पद्धत बाईंना समजावली. बाई हसून म्हणाल्या, अगदी तेच. हे दोन शब्द त्यांना पुढे महागात पडले.

महिन्यातल्या तपासणीच्या मंगळवारी बाकावर बाबाजींच्या शेजारी दोघं असत. एक रोह्याचे मुरादभाई, बावीस वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवून परतलेले. दुसऱ्या पनवेलकडच्या जिते गावच्या हौसाबाई. यांना गोळी घेतल्याचं आठवत नसे, म्हणून कधी त्या दोन दिवस घेत नसत, तर कधी एका दिवशी दोनदा घेत. तिघांचा आजार सारखाच, आणि तिघांच्या मांडीवर सारखाच प्लॅस्टिकचा कॅन. त्यात चोवीस तासांची लघवी साठवून आणायची असे.

घोटाळा कॅनमुळे झाला. दोन्ही गोळ्यांचा आकार, रंग, चव सगळं सारखं करून घेतलं होतं. पण ब जीवनसत्त्व पोटात गेलं की लघवी हळदीसारखी पिवळी होते, आणि कॅन आरपार दिसणारा होता. मुरादभाईंचा कॅन तर असा झळाळत होता, की गाडीत एका बाईने त्यांना करडईचं तेल कसं दिलं म्हणून विचारलं. बाबाजींचा आणि हौसाबाईंचा कॅन मात्र विहिरीच्या पाण्यासारखा. तीन मंगळवार तिघांनी कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग जे समजायचं ते समजले.

पुढची हकिगत मला त्यांनीच नंतर सांगितली. पेण स्टेशनवर बाबाजी आणि मुरादभाई रोह्याच्या गाडीची वाट पाहत, हौसाबाई पनवेलच्या. मुरादभाई फार ओशाळले होते. त्यांनी आपली बाटली बाबाजींपुढे धरली आणि म्हणाले, "तू घे. मी कुवेतमध्ये पुष्कळ चांगलंचुंगलं खाल्लंय."

बाबाजींनी बाटली घेतली, पण खिशात घातली नाही. हौसाबाईंचा जेवणाचा डबा मागून घेतला. तिन्ही बाटल्या त्यात ओतल्या, झाकण लावून खुळखुळवल्या, आणि मुरादभाईंच्या रुमालावर तीन ढीग घातले. सगळ्या गोळ्या दिसायला एकसारख्या, तेव्हा नाव घेण्याची काही गरज नव्हती. तरी बाबाजींनी हौसाबाईंना रुळांकडे तोंड करून उभं केलं आणि रीतसर विचारलं, "हा कोणाचा?" एक हमाल थांबून प्रसाद मागू लागला, त्याला कसाबसा घालवला.

तेव्हापासून तिघांनाही तीन दिवसांतून एखाद्या वेळी पिवळी लघवी होऊ लागली. तसं झालं की बाबाजी बायकोला, सरूवहिनींना, पाहायला बोलवत. त्यांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, की पुन्हा हाक मारलीत तर मी माहेरी जाईन.

मला संशय आला तो आकड्यांमुळे. हौसाबाईंच्या परत आलेल्या गोळ्या कधी सतरा असत, कधी सहा. आता तिघांच्याही बारा. पुढच्या महिन्यात तिघांच्या चौदा. त्याच्या पुढे तेरा, तेरा, तेरा. मी वाणिज्य शाखेचा माणूस. तीन वेगळ्या माणसांचे आकडे महिनोन् महिने असे जुळले, तर ते आपोआप जुळत नाहीत, कुणीतरी जुळवतं. मी बाबाजींना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हौसाला एकटीला बोलणी नकोत, म्हणून परत द्यायच्या गोळ्यांचेही वाटे घालतो.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. नाव काढणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला बाईंना सांगावं लागेल. ते म्हणाले, तुम्ही कशाला, मीच सांगतो, आणि कॅन हातात घेऊन आत गेले. मी नोंदवही घेऊन मागोमाग गेलो.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकलं. टेबलावर कोपर टेकून डोकं दोन्ही हातांत धरलं. सात महिन्यांचं काम होतं. मी तुम्हाला किती नीट समजावलं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या.

"समजावलंत, बाय," बाबाजी म्हणाले. "पाठ करून नाव घ्यायचं, ते मला पटलं. पण सगळं मटण एकाच्या पानात आणि सगळी हाडं दुसऱ्याच्या, मग पाठ करा नायतर डोळे बांधा, त्याला वाटा नाय म्हणत."

बाईंनी मान वर केली. संशोधन असंच करावं लागतं, नाहीतर गोळी कामाची की बिनकामाची हे कधी कळणारच नाही, असं त्या सांगू लागल्या. बाबाजींनी मान डोलावली, मग कॅन टेबलावर ठेवला.

"मला काढा. मुरादभायला आणि हौसाला ठेवा. वाटे मी घातले."

तसं करता येत नव्हतं. तिघांच्याही नावांवर मी पट्टी धरून लाल रेघ मारली. आता ही नावं हिशेबात नाहीत, गोळ्या बंद, बाईंनी सांगितलं. बाबाजी दाराशी पोहोचले तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "मंगळवारी यायचं. तपासायला मला गोळी लागत नाही." त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या कॅनना वर्तमानपत्र गुंडाळण्याचा नियम झाला, आणि ते काम माझ्याकडे आलं.

तिघं येत राहिले. कॅन नको सांगूनही बाबाजी आणत, रिकाम्या हाताने डॉक्टरकडे कसं जायचं म्हणून.

दोन वर्षांनी मुंबईची यादी उघडली. गोळीने कुणाचाच आजार हळू झाला नव्हता. उलट खरी गोळी घेणाऱ्यांची मूत्रपिंडं थोडी जास्तच खालावली होती. मुरादभाईंना खरी होती, बाकी दोघांना बिनऔषधाची. बाईंनी तिघांना बोलावून हे समजावलं. आधी हौसाबाई बाबाजींवर उसळल्या.

"म्हणजे माझी गोळी साधी होती, बरी होती. ह्याच्यातलं वाईट मला कशाला वाटलंस रे?"

मुरादभाई म्हणाले, त्याने वाटलं नसतं तर ते सगळं माझ्याच पोटात गेलं असतं. गोळ्या सात महिन्यांतच बंद झाल्या होत्या, त्यातून तिघांबद्दल काहीच सिद्ध होत नाही, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग त्यांनी ताजे रिपोर्ट वाचले. मशीनची गरज कुणालाही नव्हती. क्रिएटिनिन बाबाजींचं दोन पूर्णांक चार, मुरादभाईंचं दोन पूर्णांक चार, हौसाबाईंचं दोन पूर्णांक तीन.

बाबाजींचा चेहरा पडला. ते हौसाबाईंकडे वळले.

"तुला पॉइंट एक कमी आलं गो."

दोन वर्षांत हौसाबाई एवढं शिकल्या होत्या, की या कागदावर कमी ते चांगलं. त्यांनी रिपोर्टची घडी करून कमरेला खोचली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "यात परत वाटे घालू नको म्हणजे झालं."