कोरडं तूस

चांदसाहेब पेटीवाल्यांच्या हातची लग्नाची पेटी नाही असं घर सांगलीच्या पेठेत शोधावं लागलं असतं. पेटी तयार झाली की ते झाकण लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे आणि फटीतून वारा येतो का ते गाल टेकून बघायचे. बोलणं बेताचं. बायको अख्तरबी म्हणायची, ह्या माणसाला पेटीत घालून कुलूप लावलं तरी दोन दिवस कुणाला पत्ता लागायचा नाही.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या सात वर्षांच्या शमशादला मुदतीचा ताप आला. डॉक्टर म्हणाले, ताप चढला की डोक्यावर बर्फ ठेवा, मेंदूत जाऊ देऊ नका. सांगायला काय जातं! लढाईमुळे कोल्हापूरचा बर्फ आता रोज येत नव्हता. सोमवारी आणि गुरुवारी तेवढा गाडीने यायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावात औषधालासुद्धा उरायचा नाही. ताप मात्र वार बघून चढत नव्हता.

गावात बर्फाची मोठी पेटी एकच, गंगाधरपंतांच्या घरातल्याच पीयूष-लस्सीच्या दुकानात. एकेरी फळीची, आतून पत्रा मारलेली. गिऱ्हाईक तिला हात लावून म्हणायचं, "काय गार आहे हो!" आणि पंतांची छाती फुगायची. चांदसाहेबांनी दुकानाच्या पायरीवरूनच वाकून एकदा तिला गाल लावला.

"पंत, पेटी भाईरनं गार हाय. म्हंजे तुमचा बर्फ रस्त्यावर चाललाय."

"मग काय करायचं?"

"मी दुसरी करतो. मजुरी नगं. दर बुधवारी शेरभर बर्फ द्या, पोरगी उठंपतूर."

पंत माणूस वाईट नव्हता. लगेच हो म्हणाला.

चार दिवसांत चांदसाहेबांनी पेटीत पेटी बसवली. दोन्हींच्या मध्ये चार बोटं जागा ठेवली आणि तिच्यात उन्हात तापवलेलं भाताचं तूस ठासून भरलं. झाकणाच्या कडेला म्हसवडच्या घोंगडीच्या पट्ट्या शिवल्या. बर्फाचं पाणी जायची नळी खाली वाकडी केली, म्हणजे तिच्यात पाणी साचून राहील आणि गारवा तिथून पळणार नाही. तूस महिन्याभरात खाली बसतं, वरून भर घालावी लागते, म्हणून वरची फळी सुटी ठेवली.

"तूस कोरडं ऱ्हायलं पायजे," त्यांनी बजावलं. "पावसापासनं जपा."

"पेटी ठेवणार माजघरात, तिथं कुठला पाऊस?" पंत हसले.

पहिल्या सोमवारी पेटी परसातच ठेवून बर्फ भरला. बुधवारी झाकण उघडलं तर अर्धी लादी शाबूत! पंतांनी दाभणाने शेरभर फोडून पोत्यात बांधून दिला. चांदसाहेब घरापर्यंत पळत गेले. संध्याकाळी शमशादने डोळे उघडले आणि म्हणाली, "अब्बा, तुमचा हात लय गार हाय." चार दिवसांतलं तिचं हे पहिलं बोलणं. चांदसाहेब लहान मुलासारखे रडले.

रविवारी पेटी आत न्यायची होती. पंतांच्या आई, सगळे त्यांना माई म्हणत, दारात आडव्या उभ्या राहिल्या. मुसलमानाने केलेली पेटी तशीच माजघरात? गडीमाणसांनी विहिरीतून पाणी ओढलं आणि माईंनी पेटीवर अकरा घागरी ओतवल्या, वरून, आतून, बाहेरून. मग गोमूत्र शिंपडलं. बर्फ स्टेशनापासून कुणाकुणाच्या खांद्यावरून येतो हे माईंनी कधी विचारलं नव्हतं. सोवळ्याला एवढं सगळं विचारून भागत नाही.

सोमवारी बर्फ भरला. बुधवारी सकाळी शमशादचा ताप चढला तो उतरेना. चांदसाहेब मागच्या दारी आले. पंतांनी पेटी उघडली. आत नुसती ओल होती.

"तुमची पेटी फसली हो," पंत म्हणाले.

चांदसाहेबांनी न विचारता आत पाऊल टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पेटीला गाल लावला. गार. सांध्यातून ओलं तूस फुगून बाहेर आलं होतं.

"पानी कुनी घातलं?"

पंत खाली बघत म्हणाले, "आईनं शुद्ध करून घेतली. आत आणायची म्हणजे..."

चांदसाहेबांना राग आला तो स्वतःचाच. वरची फळी राळेने बुजवली असती तर! पावसापासून जपा म्हणून सांगितलं. अंघोळीपासून जपा म्हणायचं सुचलं नाही. ज्यांच्या घरात आपल्याला उंबरा ओलांडता येत नाही, त्यांच्या घरात आपली पेटी कशी जाईल, एवढं कळायला नको होतं?

अख्तरबी दिवसभर विहिरीच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिली. गुरुवारी सकाळी बर्फाची गाडी स्टेशनात यायच्या आधी शमशाद गेली.

पंधरा दिवसांनी पंत दारी आले. पेटीला कुजका वास सुटला होता. ती नीट करून द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं. चांदसाहेबांना नाही म्हणता आलं असतं, पण आपल्या हातची वस्तू अशी सडत पडलेली त्यांना सोसवेना.

"हात ज्ञानू सुतार लावंल," ते म्हणाले. "मी दारात बसतो. म्हंजे धुवायला नगं."

पंतांनी ज्ञानूला बोलावणं धाडलं.

दोन दिवस चांदसाहेब मागच्या पायरीवर बसून सांगत होते आणि ज्ञानू करत होता. सगळं तूस काढलं, नवं वाळवलं, भरलं, फळी राळेने बुजवली. सोमवारी बर्फ आत गेला. बुधवारी चांदसाहेब पुन्हा पायरीवर येऊन बसले.

"ज्ञानू, गाल लाव. कसं लागतंय?"

"काईच लागत न्हाई, चांदभाई. नुसतं लाकूड."

"मग बराबर हाय."

पंतांनी झाकण उघडलं. लादी अर्ध्याहून जास्त होती. त्यांनी शेरभर बर्फ फोडला आणि आणून पायरीवर ठेवला. शब्द दिला होता. दुसरं काय द्यावं ते त्यांना कळत नव्हतं. चांदसाहेबांनी बर्फाकडे पाहिलं, धोतराची धूळ झटकली आणि निघून गेले.

ते बसून गेले की नेहमी यायच्या तशा माई पायरी धुवायला घागर घेऊन आल्या. बर्फ उन्हात पडला होता. त्यांनी घागर खाली ठेवली आणि तो विरघळून संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.