परका वाटलेला हात

मुलांनो, तुमच्यापैकी एकीने परवा फोनवर सांगितलं की कधीकधी आरशातला चेहरा आपला वाटत नाही, आणि हे कुणाला सांगायची भीती वाटते. म्हणून आता लिहिते आहे. माझंही असंच काही मी आईखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. तुमचे बाबा नुकते जन्मले होते आणि मी साताऱ्याला माहेरी होते. एका दुपारी बाळाला पाजताना माझं लक्ष डाव्या हातावर गेलं. बाळाच्या डोक्याखाली कुणा दुसऱ्याच बाईचा हात होता. बोटं हलत होती, पण हलवणारी मी वाटत नव्हते. कॉलेजात मानसशास्त्राच्या पेपरात 'स्व' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य आठवेना. या हाताने बाळाला काही केलं तर, एवढंच मनात येत होतं.

मी त्याला उजव्या हातानेच सावरू लागले. आईने विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. तिने आधी दार लोटलं.

"सासरी कळू देऊ नकोस. बाहेरचं लागलंय म्हणतील. लेकरू नेतील आणि तुला इथंच ठेवतील."

बारशाला सासरहून, कवठे महांकाळहून, सासूबाई आल्या. आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. एकीने द्यायचा, समोरचीने घ्यायचा. सासूबाईंनी पलीकडून वरवंटा पुढे केला. माझा डावा हात मांडीवरच राहिला.

"धर की गं. येवढी शिकलीस, दगड धरायचं शिकवलं न्हाई व्हय?"

बायका हसल्या. आई हसली नाही.

मी तोच हात पुढे केला. वरवंट्याचं वजन मनगटावर आलं, बांगड्या रुतल्या. दुखलं, आणि ते मलाच दुखलं. मग त्यांनी बाळ दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं, पण डाव्या हातावरची नजर काढली नाही.

"पहिलटकरीण लय भेदरती," सासूबाई आईला म्हणाल्या. "आमी बी भेदरलो हुतो."

पुढे मी बाळाला घेऊन सासरी गेले. हात अधूनमधून परका व्हायचा, आणि दर वेळी मी तितकीच घाबरायचे. आता क्वचित होतो. भीती मात्र अजून आहे.