सागाला सागवानी रंग

परवा शेजाऱ्यांनी दार रंगवलं. ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि माझा सर्वांत दिमाखदार मूर्खपणा आठवला.

शेवगावकडच्या निजामशाहीच्या काळातल्या एका लाकडी घराची दुरुस्ती तेव्हा माझ्यासारख्या नवशिक्या इंजिनिअरच्या हाती दिली होती. सगळा सांगाडा सागाचा, लोखंडाचा एक खिळा नाही. भीमा मिस्त्री या म्हाताऱ्या सुतारानं किडलेले खांब सांधून, महिनाभर जवसाचं तेल मुरवून ते काळेभोर, तुकतुकीत केले होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी त्यांवर सागवानी ऑइलपेंट मारायचं फर्मान काढलं.

"सायेब, सागाला सागाचा रंग? म्हशीला बी काळं फासता व्हय?" मिस्त्री म्हणाले.

"अहो, लाकूड लाकडासारखं दिसायला नको?" मी अक्कल पाजळली.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे आले. खांबावर टिचकी मारून म्हणाले, "वा! सिमेंटला काय हुबेहूब लाकडाचा रंग दिलाय!"

मिस्त्री शेजारीच उभे होते, माझ्याकडे बघत. रंग काय, पुढेमागे खरवडता येतो. त्या क्षणी 'हा सागच आहे, यांच्या हातचा' एवढंच म्हणायचं होतं.

मी हात जोडले आणि म्हणालो, "आपला आशीर्वाद, साहेब."