रिकाम्या तांब्याचं नाटक

तालमीच्या पहिल्या दिवशी मी तांब्या भरून आणला होता. अण्णा म्हणाले, "खाली ठेव." मी ठेवला. त्यांनी हात लावला नाही. काठीचं टोक तांब्याच्या गळ्याला लावलं आणि तो आडवा केला. पाणी अंगणभर पसरलं.

"नाटकात खरं पाणी कशाला? सारवलेली जमीन निसरडी होते. रिकामा तांब्या धर, ओतल्यासारखं कर. अभिनय म्हणतात त्याला."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, काठीसुद्धा अभिनयातलीच असेल.

अण्णा रामनगरचे व्यापारी, मूळचे खानापूरकडचे. त्यांनी एक सेवा मंडळ काढलं होतं. आमच्या गावात ओढ्याच्या वर शेतकऱ्यांची वाडी, खाली आमचा महारवाडा. दोघांत सलोखा करायचा हे मंडळाचं काम. ते औषधं द्यायचे, भजनं लावायचे, भाषणं करायचे. भजनाला आमच्यासाठी दोरी बांधलेली असायची आणि आम्ही दोरीअलीकडं बसून टाळ्या वाजवायच्या. आम्ही तेव्हा नुकतेच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो होतो. राज्याची हद्द हलली. ओढा जिथल्या तिथं.

मग अण्णांनी नाटक लिहिलं. रानात एका साधूची पाणपोई. तहानलेला पाटील येतो, साधूची जात विचारतो, नाक मुरडून पुढं जातो, तहानेनं कोसळतो. शेवटी त्याच साधूपुढं ओंजळ धरून पाणी पितो. साधू म्हणतो, "आता तू आणि मी एक." नाटक संपलं.

साधू मी. मंडळाला खालच्या वाड्यातला एक माणूस दाखवायला हवाच होता, आणि माझा आवाज असा की रानात हाळी दिली तर पलीकडच्या टेकडीवरचे बैल थांबायचे. भगवी कफनी, अंबाडीची दाढी, कपाळभर भस्म. काय दिसायचो म्हणून सांगू. घरचं कुत्रं माझ्यावर भुंकलं, मग वास घेऊन शरमलं.

पाटील झाला दत्तू, वरच्या वाडीचा. दत्तू माझा दोस्त. लाकूडतोडीला आम्ही जोडीनं जायचो. सागाचा ओंडका ओढायला एकच दोर, पुढं तो, मागं मी. दुपारी आसपास कुणी नसलं की हात पुढं करायचा. "दे रं गड्या, तुझा भोपळा." वाळवून पोखरलेल्या भोपळ्यात मी घरचं पाणी न्यायचो. दत्तू तोंड लावून प्यायचा. मग तोंड पुसायचा आणि एकदा वाटेकडं बघायचा. ते बघणं मी मनावर घेतलं नाही.

कुंभारवाडा गावात पहिला प्रयोग झाला. लोक रडले. अण्णा रडले. मीसुद्धा रडलो, दाढी ओली झाली.

आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भात कांडत होती.

"दत्तू पाणी पिला न्हाई," ती म्हणाली.

"नाटक हाय ते, आई. तांब्या रिकामा असतोय."

"ते दिसलं मला. ओंजळीनं पिताना कोपरावरनं पाणी गळतंय. जलमभर वरनं वतलेलंच पिलेय मी, मला नगं शिकवू. त्याचं कोपर कोरडं हुतं."

"जमीन निसरडी हुती म्हणून..."

"व्हय? मग पयल्या प्रवेशात पिंडीवर घागर वतली, तवा न्हाई झाली निसरडी?"

मुसळ चालूच होतं. घागर वरच्या वाडीतून यायची. तांब्या आमच्या घरचा होता.

पुढचा प्रयोग उळवीच्या जत्रेत. मराठी, कन्नड, सगळीकडची माणसं. मंडळाचं काम बघायला तालुक्याचे साहेब येणार होते. मी कुणाला बोललो नाही. आमच्या वाड्याखालच्या झऱ्याचं पाणी भोपळ्यातून नेलं आणि आत जाण्याआधी तांब्यात ओतलं. अण्णांचा भरवसा मी सोडला होता. दत्तूचा सोडला नव्हता. दत्तू पिणार. रानात पितो तो इथं का नाही पिणार?

गॅसबत्तीच्या उजेडात दत्तू कोसळला, झकास कोसळला. गुडघ्यावर येऊन त्यानं ओंजळ धरली. मी ओतलं.

गार पाणी तळहातावर पडलं तसा तो दचकला. वर बघितलं. ओठ न हलवता म्हणाला, "हे काय केलंस?"

"पी की दत्तू. रोजचंच हाय."

ओंजळ भरलेली. दत्तूनं एकदा लोकांकडं बघितलं. अगदी तसंच, जसं तो रानात वाटेकडं बघायचा.

मग त्यानं बोटं फाकवली. सगळं पाणी खाली गेलं. रिकामी ओंजळ तोंडाला लावली, घटाघटा प्यायल्यासारखं केलं, मिशा पुसल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. दोरीअलीकडून आमच्या वाड्यानंही वाजवल्या.

आता माझं वाक्य होतं. अण्णा आडोशातून हळूच सांगत होते, "आता तू आणि मी एक... म्हण की." मी म्हटलं नाही. उरलेलं पाणी तिथंच, लोकांसमोर, मी प्यालो. दाढी काढून दत्तूच्या पुढ्यात ठेवली आणि चालू लागलो.

आडोशामागं अण्णांनी अडवलं. "एवढ्या वर्षांचं काम बुडवलंस. तुला माणसात आणलं आम्ही."

"अण्णा, तुमच्या हातात काठी हाय अजून," मी म्हणालो.

दत्तू धावत आला. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. "भणीची सोयरीक ठरायची हाय रं. पावणे बसले हुते म्होरं. रानात पिईन की मी."

मंडळानं नवा साधू शोधला, वरच्या वाडीचाच. त्याला माझी दाढी बसली. आणि तांब्यात खरं पाणी आलं. जमीन निसरडी झाली नाही.

जत्रेनंतर आम्ही पुन्हा रानात गेलो. तोच दोर, पुढं तो, मागं मी. दुपारी दत्तूनं हात पुढं केला. "दे रं."

मी भोपळा उघडला, पोटभर प्यालो आणि बूच लावलं. त्याचे ओठ फुटले होते. झरा लांब होता.

"हितं न्हाई," मी म्हणालो. "देवळासमोर ये. जत्रा भरल्यावर ये. तुझ्या पावण्यांम्होरं वतीन."

दत्तू आला नाही. मी रानात पुन्हा कधी कुणाला पाणी दिलं नाही.