गौरम्माच्या गोळ्या

लातूर नवा जिल्हा झाला त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. उदगीरकडच्या गौरम्माच्या गावात जिल्ह्याचा साहेब पोचायच्या आत दुष्काळ पोचला. विहिरी आटल्या, मळ्यातली भाजी गेली, गाईनं दूध आखडलं. गौरम्मा मात्र वाढतच होती. चोळ्या उसवून उसवून कापड पुरेना. नवरा शंकरप्पा किराणा दुकानात गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आमच्या घरात दुष्काळ न्हाई. बघा की हिच्याकडं." लोक हसायचे, तीही हसायची. टँकरवरून घागर आणताना आपल्याला तीनदा बसावं लागतं, हे सांगायची तिला लाज वाटे. एवढ्या अंगाची बाई थकते, हे कोण मानणार?

ती खाते काय, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत डाळ संपलेली असे, भाजीचं तर नाव नको. उरल्यासुरल्या भाकरीवर तेल-मीठ, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा. वाढणारी आधी जेवली, असं त्या घरात कधी झालंच नव्हतं.

शाळेत सरकारी तपासणी आली, तेव्हा ती सुनेला घेऊन गेली. महानंदा वाळून काडी झालेली, तान्हं अंगावर पिणारं. रांगेत चक्कर आली ती गौरम्माला. नर्सबाईंनी तिचं बोट टोचलं, काचेची नळी उजेडात धरली.

"हिमोग्लोबिन सहा. मावशी, अंगावर चरबी आहे, पण रक्त नाही. लोहाच्या गोळ्या देते. रोज एक."

सुनेचं नऊ निघालं. गौरम्माला तिथंच रडू आलं. इतकी वर्षं ती स्वतःला आळशीच समजत आली होती.

महिन्यानं नर्सबाई परत आल्या. नळी पुन्हा सहावरच.

"गोळ्या संपल्या?"

"हाव, कवाच."

"घेतल्या कोणी?"

गौरम्मानं सरळ सांगितलं. मालक दिवसभर दुकानात उभे, त्यांना. महानंदा पाजती, तिला. लेकीचं लग्न ठरायचंय, तिला. "इतकी ताकदीची चीज, एकटीनं कशी खावी, बाई?"

नर्सबाई रागावल्या नाहीत. अशा बायका त्यांनी गावोगाव पाहिल्या असाव्यात. त्यांनी तिच्या तळहातावर एक गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला. "आता इथंच घ्या. माझ्यासमोर."

गौरम्मानं गोळी ओठांपर्यंत नेली. हात तिथंच थांबला. तिनं मागं वळून महानंदाकडं पाहिलं, मग नर्सबाईंकडं.

"हिला दिली का आधी?"