तीस साड्यांचं नाटक

मथुराबाईंनी आयुष्यात एकाही नाटकाला चांगलं किंवा वाईट म्हटलं नाही. नाटक वाचून संपलं की त्या मांडीवरची साडी झटकून उठायच्या, कोपऱ्यातला ढीग मोजायच्या आणि आकडा सांगायच्या. माझं पहिलं नाटक ऐकून त्या म्हणाल्या, "मास्तर, तू रोज येत जाय. आज तीस साड्या व्हयन्यात!" माझी छाती फुगली. वाटलं, आपल्या शब्दांनी या बायांच्या हातांत बळ आलं. रिक्षात बसल्यावर मी हे कुंदाताईंना ऐकवलं, तर त्या इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "अरे, नाटकात जीव असता तर वीसच झाल्या असत्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या नाटकाने त्यांच्या कामात काडीचाही अडथळा आला नाही."

कुंदाताई सुरतेतली आमची मराठी नाट्यसंस्था चालवतात. संस्था म्हणजे कतारगामात एका हिऱ्याच्या कारखान्यावरची लांबट खोली, दोन पेट्या कपडे आणि कुंदाताईंचा हट्ट. हट्ट असा, की वर्षाला एक नवं नाटक बसवायचं आणि बसवण्याआधी ते नाट्यगृहात कधीच न गेलेल्या माणसांना वाचून दाखवायचं. त्यासाठी पर्वत पाटियाच्या मागच्या एका वस्तीत आम्ही 'नाटक सगळ्यांचं' नावाचा वर्ग काढला. सतरंज्या अंथरल्या, फलक लावला. पहिल्या रविवारी दुपारी एकच बाई आली, तीही आमची झडती घ्यायला. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, कमरेला पदर खोचलेला आणि बोटांत धागे कापायची चिमुकली कात्री. त्या वस्तीतल्या बाया भरतकाम झालेल्या साड्या बाजारातून घरी आणतात, उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापतात आणि परत पोचवतात.

"रिकामा हात लिसन आठे कोन बठी?" मथुराबाईंनी विचारलं. "तुम्हीच मना घर या. हात काम करतीन. कान रिकामाच शेतस."

तेव्हापासून आमचा वर्ग त्यांच्या घरी भरू लागला. दहा बाय बाराची खोली, मधोमध साड्यांचा डोंगर, भोवती सात-आठ बाया आणि दाराशी मी, हातात वही घेऊन. मी वाचायचो आणि आठ कात्र्या कचकच चालायच्या. कुंदाताई माझ्याकडे बघतच नसत. त्या हातांकडे बघत बसायच्या आणि कात्र्या जिथे थांबतील तिथे समासात टिंब काढायच्या. ज्या पानावर टिंब नाही ते पान पुन्हा लिहायचं. आणि शेवटचा नियम असा, की मथुराबाईंची कात्री एकदा तरी थांबल्याशिवाय नाटक तालमीला उभं राहायचं नाही. कारण बाकीच्या बाया भिडेखातरही थांबायच्या. मथुराबाईंना भीड कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं.

मी इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट-बोल्ट मोजणाऱ्या माणसाला आपलं एक नाटक रंगमंचावर बघायची इच्छा असू नये, असा काही कायदा नाही. सलग दोन वर्षं मी नाटक लिहिलं आणि दोन्ही वर्षं ते त्या खोलीत आडवं झालं. दुसऱ्या नाटकात लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कामगार रात्रपाळीहून घरी येतो आणि दीड पान बोलतो, असा माझा अतिशय लाडका प्रवेश होता. मी आवाज चढवून, मान हलवून वाचत होतो. मध्येच मथुराबाई म्हणाल्या, "हाऊ मानूस ड्युटीवरतीन उना ना?"

"हो."

"मंग पहिले डबा ठेव म्हना त्याले. मंग भाषन दे."

"मासी, सांभळो ने!" सुरतेतच जन्मलेली शेजारची लता त्यांना गुजरातीत दटावू लागली, ऐका ना म्हणून. पण तीच खुदखुदत होती, आणि मग खोलीभर हसू फुटलं. मला राग आला. घरी येऊन मी ते दीड पान फाडलं आणि कामगाराला मोरीवर डबा घासायला बसवलं. डबा घासताना तो दोनच वाक्यं बोलला. पुढच्या रविवारी तेवढ्या दोन वाक्यांना लताची कात्री थांबली. मथुराबाईंची नुसती मंदावली. कुंदाताईंनी अर्धं टिंब काढलं.

वर्ग आमचा आणि शिकवणी त्यांची, असं पुढे पुढे होऊ लागलं. एकदा अभिनय शिकायला आलेल्या कॉलेजच्या काही मुली आम्ही तिथे नेल्या. एकीला थकलेली बाई करायला सांगितली. तिने सुस्कारा सोडला, कपाळाला हात लावला आणि भिंतीला टेकली. मथुराबाईंनी मान वर न करता निकाल दिला, "थकेल बाई डोकाले हात लावत नही. पहिले पाय लांबा करस." आणि स्वतः पाय लांब करून दाखवले. त्या पायांकडे बघून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मथुराबाईंना वाटलं आपण फार बोललो, म्हणून त्यांनी तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

तिसऱ्या वर्षी कुंदाताईंनी मला स्पष्ट सांगितलं, "या वेळी जमलं तर ठीक. नाहीतर बाहेरचं एक गाजलेलं नाटक करू. नवं नाटक नाही म्हणून तिसरंही वर्ष रिकामं घालवता येत नाही." त्या दिवसांत मी मथुराबाईंकडे रविवारशिवायही जाऊ लागलो. खरं सांगायचं तर चोरी करायलाच जात होतो. त्या बोलायच्या आणि मी मनात टिपायचो.

त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिरपूरकडचं गाव सोडून दोघं सुरतेला आले आणि यजमान लूमवर लागले. बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले. "मना मालक निस्ता बहिरा," मथुराबाई हसत सांगायच्या. "तो भिंतीकडे तोंड करीसन जेवे. मी तठे बठीसन त्याले मागून शिव्या देऊ. त्याले काय आयकू येस!" त्याच भिंतीवर एक छोटा आरसा होता. तो इतका खाली लावलेला, की उभ्या माणसाला त्यात फक्त गुडघे दिसावेत. मी विचारलं, हा इथे का? "त्यानीच लाया," त्या म्हणाल्या. "बठीसन दाढी करे."

त्याच महिन्यात, पुरुषांसाठी आम्ही वेगळा वर्ग काढला होता त्यात, लूमवरच्या एका कामगाराने आम्हाला एक गंमत दाखवली. कारखान्यात आवाजामुळे कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. चार लूम पलीकडे उभा असलेला माणूस चहाला बोलावतो आहे की शिवी देतो आहे, त्यांना बरोबर कळतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मला तो खाली लावलेला आरसा आठवला आणि मी बसस्टॉपवरच वही काढली.

नाटकातली बायको चुलीपाशी बसते. बहिरा नवरा तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवतो. ती त्याच्या पाठीमागे मनातलं सगळं बोलून घेते. शिव्या देते, गाऱ्हाणी सांगते, एखाद्या दिवशी प्रेमाचंही बोलते, कारण त्याला ऐकू येत नाही याची तिला खात्री आहे. एक दिवस ती नवऱ्यासमोरच्या भिंतीवरचा आरसा पुसायला काढते आणि परत लावायचं विसरते. नवरा दोन घास खातो, थांबतो आणि मागे न वळता म्हणतो, "आरसा परत लाव. जेवण गोड लागत नाही." बस, एवढाच प्रवेश.

रविवारी मी तो वाचला. नवऱ्याचं वाक्य वाचून मी मान वर केली. लताची कात्री थांबली होती. तिच्या शेजारणीची थांबली होती. सात बाया हात मांडीत ठेवून माझ्याकडे बघत होत्या आणि त्या शांततेत एकच कात्री चालू होती. मथुराबाई मान खाली घालून भराभर धागे कापत होत्या. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण टिंब काढलेलं नव्हतं.

उरलेलं नाटक मी कसंबसं वाचलं. बाया एकेक करून उठल्या. मी वही पिशवीत कोंबली. मला फार वाईट वाटत होतं, आणि थोडा रागही होता. या बाईला आणखी काय हवं होतं? तेवढ्यात लता ओरडली, "मासी, आ शुं कर्युं!"

मथुराबाईंच्या मांडीवरच्या साडीला वीतभर भोक पडलं होतं. धागा कधीच संपला होता आणि त्या कापडच कापत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक साडी खराब झाली नव्हती. त्यांनी ते भोक बोटांनी चाचपलं आणि मग भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं.

"मास्तर, हाई तुले कोनी सांगं?"

"कोणी नाही, मथुराबाई. मीच रचलं."

त्यांनी साडी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एकदाव मी मागून म्हनं, हाऊ मानूस कधी गजरा आनत नही. तिसरा दिनले गजरा लई उना. माले वाटनं, त्याले सोताले याद उनी." पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच त्यांना हसू फुटलं. "मंग शिव्याबी समद्या पोचन्यात व्हतीन!"

खरं काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कुंदाताईंनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि मथुराबाईंचा हात हातात घेतला. माझं नाटक उभं राहणार होतं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

खराब साडी कामाला देणारा शेठ परत घेत नाही, जिच्या हातून बिघडली तिने पैसे भरून ठेवून घ्यायची. पहिल्या प्रयोगाला मथुराबाई तीच साडी नेसून आल्या, भोक निऱ्यांत दडवून. नाट्यगृहात बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. प्रयोगासाठी कुंदाताईंनी त्यांचा आरसा मागून पाहिला होता, तर त्यांनी साफ नकार दिला. "नाटकले दुसरा आरसा देख. हाऊ कामना शे." तो कोणत्या कामाचा, हे मला आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा दिसलं होतं. त्या यजमानांच्या जागेवर बसून, भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. काहीतरी पुटपुटतही होत्या. शिव्या नसाव्यात.

पुढच्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. बारीक धागे दिसेनात. लेक येऊन त्यांना शिरपूरकडे घेऊन गेली. टेम्पोत सगळं सामान चढलं, पण आरसा त्यांनी त्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतला. "मास्तर, लिखत राह्य," म्हणाल्या आणि टेम्पो निघाला. वर्ग आता लताच्या घरी भरतो. तिची कात्री सहज थांबते, त्यामुळे तिच्या टिंबांवर माझा विश्वास नाही.

म्हणून नवं काही लिहिलं की मी मथुराबाईंना फोन लावतो आणि वाचून दाखवतो. लेकीच्या अंगणात बसून त्या ऐकतात. हात तिथेही रिकामे नसतात. भुईमुगाच्या शेंगा फोडत असतात आणि तो टक टक आवाज मला फोनवर नीट ऐकू येतो. वाचता वाचता माझा अर्धा जीव त्या आवाजात असतो. गेल्या रविवारी नवव्या पानावर तो थांबला. मी श्वास रोखला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, तरी टक नाही. "मथुराबाई?" मी विचारलं.

"काही नही रे. शेंगा सरन्यात," पलीकडून आवाज आला. "पन तू थांबू नको."