याडीचा जबाब

फेलोशिपची मंजुरी आली ती अर्धीच आली. यादीत माझं नाव होतं, नावापुढं 'तात्पुरती' असा शब्द होता आणि खाली बारीक अक्षरात अट होती: चाळीस दिवसांत पासपोर्टची प्रत जोडावी, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता. काढायचा तरी काहून? आजवरचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास पुण्याचा, आणि त्यातही परतीच्या एसटीत मला उलट्या झाल्या होत्या.

मी तेव्हा हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कोणी नाही. पीएचडी झाली होती, विषय ज्वारीच्या मुळाशी राहणारी बुरशी. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं दीड वर्षासाठी बोलावलं होतं. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. म्हणजे जे काय व्हायचं ते या चाळीस दिवसांत, नाहीतर जन्मभर तासिका.

पासपोर्टच्या अर्जात पत्ता कोणता टाकायचा यावर मी दोन दिवस घातले. हिंगोलीत भाड्याच्या खोलीत राहायचे, पण करारनामा म्हटलं की घरमालक काखा वर करायचा. आधारकार्डावर तांड्याचा पत्ता होता, साखऱ्याच्या पुढचा. तोच टाकला. दर शनिवारी मी तिथं जायचेच. वडील जाऊन सहा वर्षं झाली, घरी आई एकटी. आईला आमच्या बंजाऱ्यांत याडी म्हणतात. घरात आमची बोली चालते. तिचं बोलणं इथं मराठीत लिहून राहिले, तेव्हा त्यातला अर्धा ठसका गेला असं समजा.

तांड्यात मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मागं एकदा पक्क्या नोकरीच्या मुलाखतीला गेले तर बातमी माझ्याआधी औंढ्याच्या बाजारात पोचली, आणि नोकरी मिळाली नाही तेव्हा वर्षभर जो तो मला धीर देत होता. त्या धीरानं मी जास्त खचले. या वेळी तोंडाला कुलूप. फक्त याडीला सांगितलं, तेही भाकर खाता खाता.

"जर्मनीला चालले, दीड वर्ष. पासपोर्ट नावाचं एक पुस्तक मिळालं की जाता येतं."

ती म्हणाली, "बरं." आणि ठेचा माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, चला, एक काम झालं.

अर्ज भरला, पोस्टातल्या केंद्रात बोटांचे ठसे दिले, फोटोत तोंड वाकडं आलं ते आलं. आता पोलीस घरी येऊन चौकशी करतील एवढंच राहिलं होतं. मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. बाराव्या दिवशी दुपारी तास सुटला तर नायकांचा फोन. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. आमचे सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि फोनवर बोलताना अजून एवढे मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं.

"पोलीस आला व्हता सकाळी, तुला इचारत," ते म्हणाले. "कोणत्या भानगडीत हाईस मला म्हाईत न्हाई, अन् मी इचारतबी न्हाई. पर तुझा पत्ता कोणी लागू दिला न्हाई. साऱ्या तांड्यानं एकच जबान दिली, अशी पोरगी हितं न्हाईच. बिनघोर ऱ्हा."

मी जिन्यातच बसले. पोरं वरून खाली, खालून वर जात होती आणि मी त्यांच्या वाटेत. नायकांच्या आवाजात इतकी माया होती की त्यांना खरं काय ते सांगवेना. "बरं काका," म्हणाले आणि फोन ठेवला.

नवख्याला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते. आजोबांच्या तरुणपणी आसपास कुठं बैल चोरीला गेला की पहिला माणूस तांड्यातला उचलायचे. खरं-खोटं नंतर. तेव्हापासून एक रीत पडली. वर्दीवाल्यानं कोणाचंही नाव विचारलं की आधी न्हाई म्हणायचं. मग त्या माणसाला निरोप धाडायचा. तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी काय ते खरं सांगायचं. आम्ही लहानपणी हा खेळसुद्धा खेळायचो, एक जण पोलीस आणि बाकी सगळे न्हाई म्हणणारे. या रीतीनं कितीकांची पाठ वाचली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण पासपोर्टच्या चौकशीला दुसरा दिवस नसतो.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले तर अहवाल आदल्या संध्याकाळीच वर गेलेला. जमादार पन्नाशीचे, शांत, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. "मॅडम, मी तरी काय करू," ते म्हणाले. "दुकानावर इचारलं, न्हाई म्हणले. देवळापाशी चौघं बसले होते, त्येबी न्हाई. म्हणून घरीच गेलो. तिथंबी न्हाई."

"घरी कोण होतं?"

"मावशी होत्या ना."

त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली. 'सदर नावाची मुलगी या पत्त्यावर राहत नाही व आमच्या घरातील नाही.' खाली अंगठा. याडीचा. दुकानदार न्हाई म्हणाला, नायक न्हाई म्हणाले, ते मी पचवलं असतं. पण माझ्या आईनं मी तिच्या घरातली नाही म्हणून शाईत अंगठा बुडवला होता. मला रडू आलं नाही. डोक्यात तिडीक गेली.

तिथूनच जीप धरून तांड्यावर गेले. याडी तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दारातूनच सुरू झाले, आणि माझं तोंड सुरू झालं की थांबत नाही हे तांड्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलीला शिकवायला तू ऊस तोडलास तिलाच नाकारलंस, अंगठा देताना हात जड झाला न्हाई का, सगळं बोलले. तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "पोलीस म्हणल्यावर काय करणार." मग मलाच वाईट वाटलं. म्हातारं माणूस, वर्दी बघून पाचावर धारण बसली असेल. मी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलल्या आणि तासभर तिला समजावलं की आता काळ बदलला, पोलीस आता विचारायला येतात, न्यायला नाही. ती हूं हूं करत राहिली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फेरचौकशीचा अर्ज केला. मोबाइलवर दिवसातून वीस वेळा स्थिती बघायची, दर वेळी तेच वाक्य: अहवाल प्रतिकूल. फेलोशिपच्या मुंबईच्या कार्यालयात फोन लावला की तिथली बाई गोड आवाजात म्हणायची, मुदत वाढत नसते. प्राचार्य भेटले की विचारायचे, मग मॅडम, कधी उडताय? मी हसायचे. माझ्या जागेवर जाणारा तो प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार मला स्वप्नात यायचा, आणि तो नेहमी माझ्यापेक्षा उंच असायचा.

सव्विसाव्या दिवशी जमादारांचा फोन आला. फेरचौकशीचा कागद आला होता. "घरी येत न्हाई मॅडम," ते म्हणाले, "परत न्हाईच म्हणतील. मावशींना ठाण्यात घेऊन या. त्यांचा जबाब नव्यानं घेऊ."

याडीनं आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नव्हती. सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि जीपमध्ये बसली. फाटकाशी उतरलो तर तिचे पाय थबकले. मी तिचा हात धरला आणि लहान लेकराला सांगावं तसं सांगू लागले: भिऊ नको, मी आहे, ते काही करत न्हाईत, एवढंच विचारतील की ही तुमची मुलगी का.

"मी भ्याले न्हवते," ती म्हणाली.

"काय?"

"तवाबी भ्याले न्हवते. तो जमादार चांगला माणूस हाय. उंबऱ्यावर बसून पाणी पेला. म्हणला, मावशी, पोरगी परदेशात चालली, पासपोर्टाचं काम हाय, तेवढं व्हय म्हणा. मला समदं कळलं व्हतं."

बाहेर रस्त्यावर सोयाबीनचा ट्रॅक्टर चालला होता. तो गेल्यावर मी म्हणाले, "मग काहून न्हाई म्हणालीस?"

"पुस्तक मिळालं की तू जाणार, तूच म्हणली व्हतीस. मी न्हाई म्हणलं तर पुस्तक मिळत न्हाई. साऱ्या तांड्यानं न्हाई म्हणलं व्हतं, त्यात माझंबी खपून गेलं."

मला तिला हलवून हलवून विचारावंसं वाटलं, की तुला माझं वाटोळं करायचं होतं का. विचारलंही. फाटकाशी उभा असलेला शिपाई बघायला लागला. याडीचा आवाज मात्र चढला नाही.

"तू समद्यायला इचारलंस," ती म्हणाली. "कॉलेजात अर्ज दिलास. मुंबईला दिलास. पोष्टात दिलास. मला म्हणलीस, चालले. दीड वर्ष चालले. मला कवा इचारलंस?"

मी अजून चिडले. "आता आत जा आणि काय सांगायचं ते सांग," मी म्हणाले. "न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हण. मी आता एक शब्द बोलणार न्हाई."

जमादारांनी मला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. घरच्यांचा जबाब वेगळा घ्यावा लागतो म्हणाले. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं. चौदा दिवस राहिले होते आणि सगळं त्या लोटलेल्या दारामागं, जिला मी आत्ताच वाटेल ते बोलले तिच्या हातात.

"मावशी, ही तुमची मुलगी का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज.

"मावशी?"

"व्हय. माझी हाय."

"मागं न्हाई म्हणला होतात. आता व्हय. असं काहून झालं म्हणून लिवू मी?"

"तवा जाऊ द्यायचं न्हवतं, साहेब. लिवा व्हय. तिला जायचंय."

ती बाहेर आली तेव्हा अंगठा पदराला पुसत होती. परतीच्या जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो, आणि तांडा येईपर्यंत दोघी बाहेरच बघत होतो. माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "पाणी पाहिजे का?" ती म्हणाली, "नको."

पासपोर्ट मुदतीच्या तीन दिवस आधी आला. प्रत जोडली, आणि आठवड्यानं मंजुरीच्या पत्रातला 'तात्पुरती' हा शब्द गेला. ज्याची इतकी वाट पाहिली ते पत्र मी एकदाच वाचलं. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो आनंद कोणाला जाऊन सांगावा हे कळेना, कारण जिला सांगायचं तिच्यासमोर तो दाखवायची लाज वाटत होती. व्हिसाच्या धावपळीत दीड महिना गेला. शनिवारी घरी जायचे तर याडी मुगाचे पापड लाटायची, नायकांच्या नातवंडांचं सांगायची, पावसाचं सांगायची. तो विषय ती काढायची नाही. मीही नाही.

तिकीट काढायला हिंगोलीतल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेले. हैदराबादहून विमान होतं. दुकानदारानं तारीख टाकली, पासपोर्टवरून नाव टाकलं आणि म्हणाला, "करू कन्फर्म?"

मी म्हणाले, "एक मिनिट थांबा." आणि याडीला फोन लावला. तिला फोन उचलायला वेळ लागतो, हिरवं बटण नेमकं सापडत नाही. उचलला.

"याडी, तिकीट काढायला बसले," मी म्हणाले. "काढू का?"

दुकानदार उगीच स्क्रीनकडं बघत राहिला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मला खरंच कळत नव्हतं की ती नको म्हणाली तर मी काय करणार होते.

"परतीचंबी काढून राहिलीस ना?" तिनं विचारलं.

फेलोशिपच्या नियमात जाण्याचंच तिकीट होतं. परतीचं काम संपल्यावर, प्रयोगशाळेचा दाखला आल्यावर. ते कधी, आणि मुदत वाढली तर काय, हे मलाही माहीत नव्हतं. कागदावर कुठंच माझ्या परतीची तारीख नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "दोन्ही काढून राहिले."

दुकानदारानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मंग काढ," याडी म्हणाली.